तळघर खाली आहे

पुण्याची मावशी आमच्याकडे राहायला आली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी ती खांद्यावर टॉवेल टाकून उभी, आणि आत कोणीतरी आंघोळीला गेलेलं. थोड्या वेळानं मी स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "मावशी, बाथरूम खाली आहे, जा तू." मावशी गेली. जिना उतरून थेट तळमजल्यावरच्या शिंप्याच्या दुकानात. परत आली ती फणफणतच. "अगं, टॉवेल घेऊन शिंप्यापुढे उभी राहिले मी! खाली कुठाय तुमचं बाथरूम?" आम्ही सगळे पोट धरधरून हसलो, आणि मावशीला कितीतरी वेळ कळेना की यात हसायचं काय.

आम्ही उज्जैनची माणसं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि दोघींची ये-जा उंबऱ्यावरून दिवसभर चालू. शेवेचा डबा संपला की आम्ही म्हणतो 'खाली झाला'. शिंपी तळमजल्यावर आहे, तर तोही 'खाली आहे'. एकच शब्द, एकदा हिंदीतला रिकामा आणि एकदा मराठीतला खालचा. आम्हाला कळतं की कोणता कुठला. म्हणजे कळतं असं मला वाटायचं.

या एका शब्दानं पुढे मला जेवढं घाबरवलं तेवढं कोणी घाबरवलं नाही. तसं मला घाबरवणं अवघड नाहीच. मी जात्याच भित्री, आणि भित्री माणसं असतात तशी भांडकुदळ. भीती वाटली की मला रडू येत नाही, राग येतो. आई म्हणायची, "हिच्या नाकावरचा राग खरवडून काढला तर आत घाबरलेलं मांजर निघेल." आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मांजर अजून आहे.

त्या वर्षी घाबरायला कारणही पक्कं होतं. बाबांची फुफ्फुसं आखडत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं, ही गोष्ट मागे फिरत नाही, फक्त हळू करता येते. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याची नळी बाबांच्या नाकाला, आणि नळी जाईल तेवढंच बाबांचं जग. बैठकीची खोली, गॅलरीतली खुर्ची, संडास. मशीन दिवसरात्र घरघरायचं. लाइट गेली आणि ते थांबलं की इन्व्हर्टर लागेपर्यंत मी स्वतःही श्वास घेत नसे.

बाबा वकील. उभा जन्म कोर्टात दुसऱ्यांच्या कागदांतल्या शब्दांचा कीस पाडण्यात गेला. असा माणूस खुर्चीला बांधला गेला तर तो काय करील? चिडेल. बाबा चिडत. पेपरमधल्या जाहिराती वाचून त्यांतल्या चुका काढत. वहिनीच्या पोह्यांवर उलटतपासणी घेत. वहिनी बिचारी देवासची, माहेर अस्सल हिंदी, लग्नानंतर मराठी शिकलेली. ती म्हणाली, "दीदी, काहीतरी करा. बाबा आता माझ्या डाळीवर पण ऑब्जेक्शन घेतात."

तेव्हा मला तो खेळ आठवला. इंदूरला शिकत होते तेव्हा हॉस्टेलवर आम्ही मुली खेळायचो. एक जण खेळ चालवते, म्हणजे एक जग मनात रचते आणि तोंडानं सांगते: इथे जंगल आहे, इथे पडका किल्ला. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र होतात, आणि आपलं पात्र काय करतंय ते सांगतात. जमेल की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आकडा मोठा पडला तर जमलं, एक पडला तर कप्पाळ. या सगळ्याला नियम आहेत, आणि त्यांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्याकडे अजून होतं. मी ते माळ्यावरून काढलं, झटकलं, बाबांच्या मांडीवर ठेवलं.

बाबांनी आधी नाक मुरडलं. "या वयात राजा-राक्षस?" मग चष्मा लावला, पुस्तक चाळलं, आणि कुठेतरी थांबले. "हा नियम ज्यानं लिहिला त्याला कोर्टात उभं केलं पाहिजे. या वाक्याचे दोन अर्थ निघतात." असं म्हणताना त्यांचे डोळे चमकले. मला वाटलं, झालं, मासा गळाला लागला.

दर रविवारी नाश्ता झाला की आमचा दरबार भरायचा. मी खेळ चालवणारी. माझ्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा, त्यावर वहिनीनं गावातल्याच भेरूगढच्या छापाचं लाल कापड चिकटवून दिलेलं, म्हणजे मी काय मांडलंय ते कोणाला दिसू नये. दादा, माझा मोठा भाऊ, जादूगार झाला. वहिनी तलवारवाली झाली, आणि घरात एरवी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी ती बाई फासा टाकताना अशा काही हिंदी शिव्या हासडायची की बाबा नळीसकट हसायचे. आणि बाबा झाले चोर. "सगळा जन्म चोरांची वकिली केली," ते म्हणाले, "आता एकदा फिर्यादी, वकील सगळं सोडून थेट चोरच होऊ द्या."

खेळ कमी आणि भांडण जास्त, असंच व्हायचं. दादानं एकदा झोपेचा मंत्र टाकला. पुस्तकात लिहिलेलं, जवळच्या सर्वांना झोप लागते. मी म्हटलं, "मग तूही झोपलास. तुझ्यापेक्षा तुझ्या जवळ कोण आहे?" दादा उखडला. "कोणता मूर्ख स्वतःलाच झोपवील?" बाबांनी पुस्तक मागवलं. ते वाक्य तीनदा मोठ्यानं वाचलं, मध्ये दम घेत, आणि मग त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला, "हा नियम लिहिणाऱ्याला कशाची भीती होती?"

ही त्यांची रीत. ते म्हणत, प्रत्येक नियमाच्या पोटात एक भीती असते. कोणीतरी कशाला तरी घाबरलं म्हणून नियम लिहिला. शब्दांचा अर्थ लागेनासा झाला की ती भीती शोधायची, अर्थ तिच्याशेजारीच सापडतो. मंत्र लिहिणाऱ्याला भीती होती की जादूगार फार बलवान होईल, म्हणून 'सर्वांना'. सबब जादूगारही झोपला. दादा दुपारपर्यंत फुरंगटून बसला. मी मात्र त्या रात्री बाबांच्या मशीनची घरघर ऐकत विचार करत होते की माझ्या पोटात जी भीती आहे तिच्यातून कोणता नियम निघेल.

एक निघालाच होता. बाबांचा चोर मरता कामा नये. हा नियम मी कोणाला सांगितला नव्हता. आई म्हणायची, "वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते." शिकलेली बाई मी, शाळेत मुलांना गणित शिकवते, आणि तरी मला खात्री होती की ज्या रविवारी मी माझ्या तोंडानं 'बाबा, तुमचा चोर मेला' असं म्हणेन, त्या रविवारी आमच्या घराची वास्तू कान देऊन ऐकत असेल.

म्हणून मी राक्षस मांडताना बाबांच्या वाटेत कधी फार मोठं काही ठेवत नसे. वहिनीच्या वाटेत ठेवायचे. ती तलवार घेऊन मागेपुढे न बघता घुसायची आणि जिंकायची. पडक्या किल्ल्याच्या तळघरात मी तिच्यासाठीच एक ब्रह्मराक्षस ठेवला होता. अंधारात बसलेला, समोरच्याचा श्वास ओढून घेणारा. हातात मशाल असली तर तो जवळ येत नाही. मशाल नसेल तर एकच फासा, आणि त्यात एक पडला तर तिथल्या तिथे खलास. राक्षसाचे हे नियम मी बाबांना मशीन लागण्याच्या कितीतरी आधी, हॉस्टेलच्या दिवसांत रचलेले. नंतर बदलायला हवं होतं, आणि श्वासाचं तर नक्कीच. डोक्यात आलंच नाही.

त्या रविवारी किल्ल्याच्या चौकात पोचल्यावर बाबांनी विचारलं, "इथे काय काय आहे?"

मी सांगितलं, "उजवीकडे कोसळलेला बुरूज. डावीकडे विहीर. समोर लोखंडी दार, त्याच्या मागे तळघर. तळघर खाली आहे. पायऱ्या ओल्या आहेत."

"खाली आहे ना? मग ठीक," बाबा म्हणाले. "मशाल वरच ठेवतो. दोन्ही हातांत पोतं धरून मी उतरतो. पूर्वी इथे कोणी धान्य ठेवत असेल तर काही सांडलेलं मिळेल."

मी पटकन म्हणाले, "बाबा, वहिनीला आधी जाऊ द्या की."

"का? चोर आधी जातो. चोराचं कामच ते."

"मशाल तरी घ्या."

"खाली जागेत मशाल कशाला?" बाबांनी फासा उचलला. त्यांना अंधाराचा एक साधा फासा टाकायचा होता, पाय घसरतो की नाही त्याचा; माझ्या लेखी मात्र तो राक्षसाचाच फासा होता. मला नाही म्हणायला कारण सुचेना. फासा टेबलावर घरंगळला, पोह्यांच्या बशीला थडकला आणि थांबला. एक.

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," आई म्हणायची. इथे भित्री मी होते आणि ब्रह्मराक्षस लागला बाबांच्या पाठी. मी आडोशामागे मान घालून बसले. दादा म्हणाला, "काय झालं? तळघरात काय आहे?" वहिनीनं हळूच आडोशाच्या कडेनं डोकावलं, तिथे मी लिहिलेलं वाचलं, आणि तिचा हात तोंडावर गेला. "हे भगवान. इथे तर राक्षस आहे. सांस ओढणारा."

"फासा बशीला लागला," मी म्हणाले. "बशीला लागलेला फासा धरत नाहीत. परत टाका, बाबा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. वकील साक्षीदाराकडे बघतो तसं. "कोणत्या पानावर लिहिलंय?"

"टाका ना परत! काय पानं काढता सारखी!"

"दया नको मला," बाबा म्हणाले. शब्द एकेक, मध्ये श्वास. "माझा चोर मरायचा असेल तर मरू दे. पण नियमानं मरू दे. किंवा नियमानं वाचू दे. तू मला माफ करून वाचवलंस, तर पुढच्या रविवारी मी खेळणार नाही."

मग त्यांनी खटला उभा केला. ते म्हणाले, खेळ चालवणारी म्हणाली 'तळघर खाली आहे'. या घरात खाली म्हणजे रिकामं. रिकाम्या तळघरात राक्षस असू शकत नाही. सबब राक्षस नाही.

आणि मी, जिला काहीही करून त्यांना वाचवायचं होतं, ती मी भांडायला उभी राहिले. कारण त्यांना लुटुपुटीचं भांडण चाललं नसतं, लगेच कळलं असतं. "वा रे वा! मराठीत खाली म्हणजे खाली. तळघर वर असतं का कधी? तुम्हाला मराठी येत नाही का? पुस्तकात लिहिलंय, चालवणारीच्या मनात जे आहे तेच जग. माझ्या मनात राक्षस होता!"

"पुस्तकात हेही लिहिलंय," बाबा म्हणाले, "की चालवणारी जे सांगते ते पात्रांना दिसतं, आणि तेच खरं धरायचं. मन आणि जीभ दोन वेगळ्या गोष्टी बोलली तर काय, याबद्दल पुस्तक गप्प आहे."

"तळघर मुळातच खाली असतं, दीदी," वहिनी मध्येच म्हणाली. "मग ते खाली आहे, हे तुम्ही सांगितलंत कशाला? मला पण खाली म्हणजे खालीच वाटलं. म्हणजे एम्प्टी."

"शाब्बास!" बाबांनी टेबलावर हात आपटला आणि माझ्याकडे बोट केलं. "आज सकाळी हीच बाई म्हणाली, शेवेचा डबा खाली झाला. तो कुठे गेला? तळघरात?"

दादा हसायला लागला. बाबाही हसले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. खोकला थांबेना. वहिनीनं त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आम्ही तिघं त्या छोट्या लाल आकड्याकडे बघत बसलो. तो उतरत होता. मशीन आपलं घरघरत होतं, त्याला काही घेणंदेणं नव्हतं. मी देवाला म्हटलं, माझी जीभ झडो, राक्षस मी कशाला ठेवला. "बस करा, बाबा!" मी ओरडले. "जिंकलात तुम्ही! नाहीये राक्षस! कोणी नाहीये तिथे!"

बाबांनी हात वर करून मला थांबवलं. आकडा हळूहळू चढला. त्यांचे ओठ परत रंगाला आले. मग ते म्हणाले, "असं नाही. निकाल दे. कारणांसह."

डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी निकाल दिला. दिला म्हणजे काय, त्यांनीच सांगितलं आणि मी म्हटलं. कोर्टात एक जुनी रीत आहे: करारातल्या शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर ज्यानं तो शब्द घातला त्याच्या विरुद्ध अर्थ लावायचा. बोलणाऱ्याला नीट बोलता आलं असतं. त्यानं आळस केला, त्याचं त्यानं निस्तरावं. म्हणून या घरात यापुढे, संदिग्ध शब्दाचा अर्थ ऐकणाऱ्याच्या बाजूनं. तळघर रिकामं. चोर जिवंत.

"आणि ऐकणाऱ्याचं काही काम नाही?" दादानं विचारलं. त्याचा जादूगार झोपला होता ते तो विसरला नव्हता.

"आहे," बाबा म्हणाले. "त्यानं विचारायचं. खाली म्हणजे काय, असं मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं." मग म्हणाले, "मला रिकामं हवं होतं ना. हवं ते ऐकू आलं की माणूस पुढे विचारत नाही."

त्या दिवसापासून घरात 'खाली' बंद. वहिनीनं ते एवढं मनावर घेतलं की विचारू नका. "डबा रिकामा आहे, आणि नीचे ठेवला आहे," असं ठासून बोलायची. भाजीवाल्याशीसुद्धा. तिला वाटायचं, आपल्या अर्ध्या हिंदीमुळेच हे सगळं झालं. मी तिला सांगितलं, "अगं बाई, शब्द मी बोलले, तू नाहीस." पण ती बोलण्याआधी क्षणभर थांबून शब्द बघून घ्यायला लागली ती लागलीच.

थंडी पडली आणि बाबांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. फ्रीगंजमधलंच, घरापासून जवळ. मधल्या मजल्यावरच्या मोठ्या वॉर्डात खिडकीजवळचा बेड. दादा आणि मी आळीपाळीनं बसायचो. त्या दिवशी सकाळी दादा आला, मी घरी जाऊन आंघोळ केली, वहिनीनं दिलेला पेजेचा डबा घेतला आणि टॉवर चौकातून पायीच परत निघाले, कारण रिक्षा गर्दीत अडकली असती तर माझा जीव गेला असता. जिना चढून वॉर्डात शिरले.

खिडकीजवळच्या बेडवर कोणी नव्हतं. चादर काढलेली. गादीवर ऊन पडलेलं.

एक बाई फरशी पुसत होती. मी तिला विचारलं, "यहाँ जो बाबूजी थे?"

तिनं मान वर न करता सांगितलं, "वो बेड तो खाली है, दीदी."

मला ऐकू आलं आणि ऐकू आलं नाही. दादाला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला. त्या बाईला आणखी एक प्रश्न विचारला असता तर तिनं काय ते सांगितलं असतं. ती तिथेच होती, हातभर अंतरावर. मी नाही विचारलं. मी काय केलं सांगू? मी निकाल लावला. संदिग्ध शब्द, अर्थ ऐकणाऱ्याच्या बाजूनं. ऐकणारी मी. मी मराठी. मराठीत खाली म्हणजे खाली. बाबांना खाली नेलंय. एक्स-रे खाली असतो. फोटो काढायला नेलं असणार, दुसरं काय.

आणि ती बाई शुद्ध हिंदीत बोलली होती, हे मला कळत होतं. हिंदीत त्या शब्दाला दुसरा अर्थ नाही, हेही कळत होतं. डबा छातीशी धरून मी जिना उतरले.

एक्स-रेच्या दाराला कुलूप होतं. बाहेरच्या बाकावर कोणी नव्हतं. बोळात एक रिकामं स्ट्रेचर भिंतीला लावलेलं. खाली, खाली होतं. मला हसू आलं असं वाटतं, किंवा घशातून दुसराच काही आवाज आला असेल, कारण औषधांच्या खिडकीतला माणूस बाहेर डोकावला. "क्या हुआ? किसको ढूँढ रहे हो?"

मी बाबांचं वर्णन केलं. उंच, पांढऱ्या मिशा, नाकाला नळी, सगळ्यांशी वाद घालणारे.

"अच्छा, वो वकील साहब?" तो म्हणाला. "वो तो ऊपर गए."

मी बाकावर बसले. वर गेले. कोणत्याही भाषेत सांगा, वर गेलेला माणूस कुठे जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण मी परत निकालाला चिकटले. ऐकणाऱ्याच्या बाजूनं. वर म्हणजे वरचा मजला. वरच्या मजल्यावर काय आहे? मला माहीत नव्हतं. काहीतरी असेलच की. लिफ्ट उघडी होती, मी जिन्यानं निघाले. सावकाश. एकेक पायरी. माझा निकाल पायऱ्यांपुरताच टिकणार होता, म्हणून मला त्या संपायला नको होत्या. एवढी घाबरलेली मी आयुष्यात कधी नव्हते, आणि गंमत बघा, एवढ्या हळू मी कधी चालले नव्हते.

वरच्या मजल्यावर एक छोटी खोली. दार उघडं. बाबा उशीला टेकून बसलेले, तोंडावर मास्क. शेजारी दादा, मोबाइल खिशात, आवाज बंद करून.

मी काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. दादाला गाढव म्हटलं. हॉस्पिटलला म्हटलं. फोनच्या कंपनीला म्हटलं. नर्स धावत आली. दादा म्हणत होता, "अगं, खोली मिळाली अचानक, मशीन जास्त चांगलं आहे इथे, फोन करणारच होतो," आणि मी म्हणत होते, "करणार होतास! डोंबल करणार होतास!" डब्यातली पेज माझ्या कुडत्यावर सांडली होती, ते मला नंतर दिसलं.

बाबांनी मास्क जरा बाजूला केला. मला जवळ बोलावलं. मी 'खाली' आणि 'ऊपर' दोन्ही सांगितलं, रडत आणि भांडत. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पक्षकाराचं ऐकावं तसं.

"त्या बाईला विचारलंस? खाली म्हणजे काय, म्हणून?"

"नाही."

"का?"

"भीती वाटली."

"हं," बाबा म्हणाले. "मग तुझा निकाल कच्चा. अपिलात टिकायचा नाही." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात गरम होता. मी तो बराच वेळ तसाच राहू दिला.

बाबा घरी आले. आणखी काही रविवार आम्ही खेळलो. चोर रिकाम्या तळघरातून पोतंभर जुने दागिने घेऊन वर आला आणि त्याचा तोरा काय सांगावा. पुढे बाबांना बसणं जमेना, तेव्हा पलंगाशीच आडोसा मांडला. फासा त्यांच्या उशाला असायचा. त्यांना झोप लागली की मी मध्येच खेळ थांबवायचे आणि नुसती त्यांची छाती हलते का ते बघत बसायचे. त्यांचा चोर तेव्हा एका नदीच्या काठावर उभा होता, नाव यायची वाट बघत.

मग एकदा सकाळी मी शाळेत होते. फळ्यावर गणित अर्धं सोडवलेलं, हातात खडू, आणि फोन थरथरला. वहिनी. मी वर्गाबाहेर आले.

ती पहिल्यांदा काही बोललीच नाही. शब्द बघून घेत असावी. मग म्हणाली, "दीदी, बाबा गेले."

गेले. साधा शब्द. सकाळी दूधवाला येऊन गेला. दादा ऑफिसला गेला. बसता येत होतं तोवर बाबाही दादाचा हात धरून गॅलरीत जात, ऊन घ्यायला. शब्दाचे किती तरी अर्थ निघतात, आणि ऐकणारी मी होते. मला हवा तो अर्थ लावून मी फोन ठेवू शकले असते, वर्गात जाऊन गणित पुरं करू शकले असते. हॉस्पिटलच्या जिन्यावर मिळाला तेवढा वेळ इथेही मिळाला असता.

पण निकाल कच्चा राहिला असता. भीती होतीच, तरी मी विचारलं, "कुठे गेले?"

वहिनी रडायला लागली.

"वहिनी, नीट सांग. कुठे गेले?"

ती नुसती रडत होती, आणि मी विचारत राहिले.